६ सर्व्होंच्या रोबोटिक हातासाठी कंट्रोलर कोणता: उनो, पीसीए९६८५ की माएस्ट्रो?

नवशिका_२५

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून टेबलावर ठेवायचा रोबोटिक हात करतो आहोत. बैठक, खांदा, कोपर आणि मनगटाची वर-खाली हालचाल यांना प्रत्येकी एक एमजी९९६आर, मनगटाचं गोल फिरणं आणि पकड यांना एसजी९०. एकूण ६ सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर थांबणाऱ्या मोटरी). खांद्यापासून पकडीच्या टोकापर्यंत २५ सेंमी, पट्ट्या ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या, उचलायचं वजन १०० ग्रॅम.

सध्या आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. सर्व्होंच्या लाल तारा ब्रेडबोर्डवरून उनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला जातात. एकटा सर्व्हो नीट चालतो. दोन एकदम हलवले की हात थरथरतो आणि उनो रिसेट होतो. दुकानात एल२९८एन सुचवला, ऑनलाइन सगळीकडे पीसीए९६८५ हा सर्व्हो कंट्रोलर दिसतो, आणि काही जण पोलोलू कंपनीचा माएस्ट्रोच घ्या म्हणतात. पुढे रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) आणि कॅमेरा जोडायचा आहे. नेमका कोणता घेऊ?

तारजोड

एल२९८एन घेऊ नका. तो डीसी मोटर किंवा स्टेपर चालवायचा ड्रायव्हर आहे. तुमच्या सर्व्होच्या पोटात मोटर, गिअर, कोन मोजणारं पोटेन्शिओमीटर आणि ड्रायव्हर हे सगळं आधीच बसवलेलं असतं. बाहेरून त्याला फक्त वीज आणि एक पल्स लागते. दर २० मिलिसेकंदांनी १५०० मायक्रोसेकंदांची पल्स दिली की सर्व्हो मध्यावर येतो, १००० ला एका बाजूला जातो, २००० ला दुसऱ्या. सर्व्हो कंट्रोलर म्हणजे ही पल्स वेळेवर पाठवणारा बोर्ड. तो सर्व्होला ताकद देत नाही.

तुमचा आजार वीजपुरवठ्याचा आहे. कोणताही कंट्रोलर आणलात तरी तो आजार तसाच राहील.

एमजी९९६आर अडकला किंवा जोरात निघाला की ६ व्होल्टला सुमारे २.५ अँपिअर ओढतो. एसजी९० साधारण ०.७. म्हणजे ४ गुणिले २.५ आणि २ गुणिले ०.७, एकूण ११.४ अँपिअर. सगळे एकाच क्षणी अडकत नाहीत हे खरं, पण दोन एमजी एकदम निघाले तरी क्षणभर ५ अँपिअर लागतात. यूएसबीवरून उनोला मिळतात ५०० मिलिअँपिअर, आणि त्यापुढे बोर्डावरचा पॉलिफ्यूज वीज तोडतो. गोल जॅकमधून ९ व्होल्ट दिलेत तर बोर्डावरच्या रेग्युलेटरला उरलेले ४ व्होल्ट उष्णतेत जाळावे लागतात. अर्ध्या अँपिअरलाच २ वॅट होतात आणि हात लावला तर चटका बसतो. सर्व्होने हिसका दिला की ५ व्होल्टची रेघ खाली कोसळते, २.७ व्होल्टच्या आसपास उनोची ब्राउनआउट (व्होल्टेज घसरल्याचं ओळखणारी) यंत्रणा त्याला रिसेट करते, पल्सा थांबतात, हात पडतो, उनो पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा तेच. तुम्हाला दिसणारी थरथर बहुतेक हीच.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो. ५ व्होल्ट १० अँपिअरची जाळीच्या डब्यातली एसएमपीएस (२३० व्होल्टवरून डीसी देणारा पुरवठा) घ्या. एलईडी पट्ट्यांसाठी विकतात ती चालते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. तिच्यावर व्होल्टेज फिरवायचा छोटा स्क्रू असतो. मल्टीमीटर लावून ५.४ वर आणा. सर्व्हो जोडण्याआधी हे करा, नंतर नाही. २३० व्होल्टच्या स्क्रूंवर झाकण नसेल तर डबा करून घ्या, अर्थिंग नक्की जोडा.

एसएमपीएसपासून हातापर्यंत १ चौरस मिमीची लाल-काळी वायर आणा आणि तिथे टर्मिनल पट्टीवर वाटा. ब्रेडबोर्ड इथून काढून टाका. त्याच्या पत्र्याच्या चिमट्यांना १ अँपिअरच्या वर नेऊ नये, ते सैल होतात, तापतात आणि प्लास्टिक वितळतं. बारीक जंपर वायरी फक्त सिग्नलला वापरा. टर्मिनल पट्टीजवळ १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा. पांढऱ्या पट्टीचा पाय ऋण बाजूला. उलटा लावला तर फुटतो. कपॅसिटर क्षणिक हिसके गिळतो, पण अपुऱ्या पुरवठ्याची भरपाई करत नाही.

सर्वांत जास्त चुकतं ते ग्राउंड. एसएमपीएसचा ऋण आणि उनोचा ग्राउंड एकत्र जोडलेच पाहिजेत. नाहीतर सर्व्होला पल्स कशाच्या तुलनेत मोजायची हेच कळत नाही आणि तो वेड्यासारखा इकडेतिकडे पळतो. धन बाजू मात्र वेगळी ठेवा. एसएमपीएसची लाल तार उनोच्या ५ व्होल्टला लावू नका, उनो यूएसबीवरच चालू द्या.

मायक्रोसेकंद

तारजोड यांच्याशी पूर्ण सहमत. त्यांचं सगळं करून झाल्यावर कंट्रोलरकडे वळू या.

६ सर्व्होंसाठी आज तुम्हाला वेगळा कंट्रोलर लागतच नाही. उनोची स्वतःची सर्व्हो लायब्ररी १२ सर्व्हो चालवते, ६ तर आरामात. त्यासाठी ती टायमर १ वापरते, म्हणून ९ आणि १० नंबरच्या पिनांवर अ‍ॅनालॉगराइट (पिनेवर कमी-जास्त आउटपुट देणारी आज्ञा) बंद पडतं, एवढीच किंमत मोजावी लागते. त्रास होतो तो निओपिक्सेल (रंगीत एलईडी) पट्टी किंवा सॉफ्टवेअर सिरियल सोबत वापरलं तर. ती दोन्ही काही काळ इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं करायची सोय) बंद ठेवतात, तेवढ्यात पल्स लांबते आणि सर्व्होला बारीक झटका बसतो. तुमच्या प्रकल्पात ही दोन्ही नसतील तर उनोवरच हात पूर्ण करा.

वेगळा बोर्ड घ्यायचं खरं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे: रास्पबेरी पाय. पायवर लिनक्स चालतं आणि ते मध्येच दुसऱ्या कामाला निघून जातं. पायथॉनमधून साध्या पिनेवर सॉफ्टवेअरने पल्स काढली तर तिची लांबी थोडी थोडी बदलत राहते आणि सर्व्हो सतत किरकिरतो. पाय ४ वर पिगपिओ लायब्ररी ही पल्स डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता) काढते, ती स्थिर असते. पण पाय ५ वर पिगपिओ चालत नाही, त्यामुळे उद्या बोर्ड बदलला तर अडकाल. अशा वेळी पीसीए९६८५ चांगला. १६ चॅनल, आय-टू-सी या डेटा जोडणीच्या दोन तारा, आणि एकदा आकडा लिहिला की चिप स्वतःच्या घड्याळावर पल्स देत राहते. पाय कॅमेऱ्यात गुंतला असला तरी हात जागचा हलत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. प्रोग्राम अडकला तरी चिप शेवटची पल्स देतच राहते, म्हणजे पकड वस्तू दाबून धरून बसेल. बोर्डावर ओई नावाची पिन आहे. ती वर ओढली की सगळी आउटपुट एकदम बंद होतात. एका बटणावरून ती पिन बोर्डाच्या व्हीसीसीला जोडा. पहिल्या दिवसापासून हे बटण असू द्या.

अचूकतेबद्दल. पीसीए९६८५ प्रत्येक आवर्तनाचे ४०९६ भाग करतो. ५० हर्ट्झला एक भाग ४.८८ मायक्रोसेकंदांचा. १८० अंशांसाठी २००० मायक्रोसेकंद धरले तर एक पायरी ०.४४ अंशाची, म्हणजे २५ सेंमी हाताच्या टोकाला जवळजवळ २ मिमी. माएस्ट्रोची पायरी पाव मायक्रोसेकंदाची आहे, कागदावर कितीतरी बारीक. पण एमजी९९६आरचा डेडबँडच ५ मायक्रोसेकंदांचा आहे. त्याहून लहान बदल त्याला जाणवतच नाही, आणि गिअरमधली ढिलाई याच्या वर. या सर्व्होसोबत बारीक पायरीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

गिअरचे_दात

कंट्रोलरच्या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. खांद्याचा हिशेब कोणी केला का?

हात आडवा पसरलेला धरा. १०० ग्रॅम वजन २५ सेंमीवर: २.५ किलो-सेंमी. कोपराचा सर्व्हो ५५ ग्रॅम, १२ सेंमीवर: ०.६६. मनगटाचा ५५ ग्रॅम, १८ सेंमीवर: ०.९९. दोन एसजी९० मिळून १८ ग्रॅम, २१ सेंमीवर: ०.३८. पट्ट्या, नट-बोल्ट मिळून १५० ग्रॅम धरले तर मध्य १२ सेंमीवर: १.८. बेरीज ६.३३ किलो-सेंमी.

एमजी९९६आरच्या डेटाशीटमध्ये ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंमी लिहिलेलं असतं. ते अडकल्यावरचं बळ आहे, म्हणजे मोटर थांबलेली असताना. तिथे काम करायचं नसतं. सतत धरून ठेवायचं असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात राहावं, साडेतीनच्या आसपास. तुम्ही जवळजवळ दुप्पट मागता आहात. हात उचलला जाईल, पण आडवा धरून ठेवला की काही मिनिटांत सर्व्हो तापेल आणि घरघरत थरथरेल. मग तुम्ही कंट्रोलरला दोष द्याल.

उपाय स्वस्त आहे. खांद्याच्या मागे स्प्रिंग किंवा जाड रबर असं बांधा की हात आडवा असताना ते साधारण ३ किलो-सेंमी स्वतः पेलेल. किंवा मनगटाचा एमजी काढून तिथे १३-१४ ग्रॅमचा एमजी९०एस लावा, मनगटाला तो पुरतो. खांद्यापासून लांब असलेला प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. जमलं तर दोन्ही करा.

आणि खरेदी करताना एमजी९९६आर १८० अंशांचाच आहे ना ते पाहा. त्याच नावाने, त्याच रंगात ३६० अंश सतत फिरणारा प्रकारही विकतात. तो कोनावर थांबत नाही, पल्सप्रमाणे फक्त वेग बदलतो. हाताला तो निरुपयोगी.

नवशिका_२५

सगळ्यांचे मनापासून आभार. एसएमपीएस आणली, ५.४ वर लावली, ग्राउंड एकत्र केले. रिसेट पूर्ण थांबला. रबर उद्या बांधतो. पायसाठी पीसीए९६८५ घ्यायचं ठरवलं आहे. दोन शंका: त्या बोर्डावर व्हीसीसी आणि व्ही प्लस अशी दोन ठिकाणं दिसतात, दोन्हीकडे ५ व्होल्ट द्यायचे का? आणि चालू करताच हात एकदम जोरात उसळतो, ते कसं थांबवायचं?

मायक्रोसेकंद

नाही! व्हीसीसी ही चिपची वीज आहे आणि व्ही प्लस सर्व्होंची. बोर्डावर आय-टू-सीच्या दोन्ही तारांना व्हीसीसीकडे ओढणारे १० किलोओहमचे रेझिस्टर असतात. व्हीसीसीला ५ व्होल्ट दिलेत तर ते ५ व्होल्ट थेट पायच्या पिनांपर्यंत जातात, आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. म्हणून पाय असेल तर व्हीसीसीला पायचे ३.३ व्होल्ट. उनो असेल तर ५ चालतील, एसडीए (आय-टू-सीची डेटा तार) अ‍ॅनालॉग ४ ला आणि एससीएल (घड्याळाची तार) अ‍ॅनालॉग ५ ला. ३.३ व्होल्टची पल्स एमजी आणि एसजी दोन्ही ओळखतात.

व्ही प्लसला निळ्या स्क्रू टर्मिनलमधून एसएमपीएस. ६ व्होल्टच्या वर नको. पण चारही एमजींची वीज या बोर्डातून नेऊ नका, त्यावरच्या तांब्याच्या रेघा १० अँपिअरसाठी नाहीत. एमजींच्या लाल आणि तपकिरी तारा थेट टर्मिनल पट्टीवर लावा, बोर्डावर फक्त नारिंगी सिग्नल आणा. दोन्ही एसजी९० बोर्डावरच राहू देत. बोर्डाचा ग्राउंड पट्टीच्या ऋणाशी जोडलेला हवा, हे पुन्हा सांगतो.

पायवर आय-टू-सी सुरू करून पत्ते तपासलेत की हेक्समध्ये ४० आणि ७० असे दोन आकडे दिसतील. दुसरा बोर्ड आला कुठून म्हणून गोंधळू नका. ७० हा सगळ्या पीसीए९६८५ना एकदम हाक मारायचा सामायिक पत्ता आहे. वारंवारता ५० हर्ट्झ ठेवा. प्रीस्केलचा (चिपचं घड्याळ भागायचा) आकडा १२१ येतो: २ कोटी ५० लाख भागिले (४०९६ गुणिले ५०), त्यातून १ वजा. मधला बिंदू १५०० मायक्रोसेकंद म्हणजे ३०७, १००० म्हणजे २०५, २००० म्हणजे ४१०. चिपचं आतलं घड्याळ मात्र नेमकं २५ मेगाहर्ट्झवर नसतं, बोर्डागणिक थोडं पुढे-मागे असतं. त्यामुळे दुसऱ्याच्या प्रोग्राममधले आकडे तुमच्या हाताला तंतोतंत लागू पडत नाहीत. पल्स ऑसिलोस्कोपवर मोजा आणि लायब्ररीत घड्याळाचा आकडा दुरुस्त करा. ऑसिलोस्कोप नसेल तर स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझरही पुरतो.

तारजोड

उसळीचं उत्तर. सर्व्होला स्वतःचा कोन माहीत असतो, पण तुमच्या प्रोग्रामला नसतो. हात बंद असताना खाली लोंबला, आणि पहिली पल्स मध्याची गेली की तो पूर्ण वेगाने तिकडे झेपावतो. वेग कमी करण्याचा आदेश पहिल्या पल्सला लागू होत नाही, कारण कुठून निघायचं हेच कोडला ठाऊक नाही.

म्हणून विश्रांतीची एक घडी ठरवा: हात दुमडून बैठकीवर टेकलेला. वीज बंद करण्याआधी प्रत्येक वेळी त्याच घडीत न्या. सुरू करताना पहिली पल्स त्याच घडीची द्या. उनोच्या लायब्ररीत अटॅचच्या (सर्व्हो पिनेला जोडणाऱ्या आज्ञेच्या) आधी राइटमायक्रोसेकंड्सने तो आकडा लिहून ठेवता येतो. काहीच लिहिलं नाही तर ती १५०० पासून सुरू करते, तुमची उसळी तिथूनच येते. आणि सहाही सर्व्हो एकदम जागे करू नका, बैठकीपासून सुरू करून पाव-पाव सेकंदाने एकेक करा.

पुढच्या हालचाली छोट्या पायऱ्यांत तोडा. १००० मायक्रोसेकंदांचं अंतर २ सेकंदांत कापायचं असेल तर दर २० मिलिसेकंदांनी १० मायक्रोसेकंद पुढे, अशा १०० पायऱ्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या १५-२० पायऱ्या लहान ठेवा, २-३ मायक्रोसेकंदांपासून वाढवत न्या. पीसीएवर इतकी बारीक पायरी दिसणार नाही, तिथे एक-दोन आवर्तनं थांबून एक भाग पुढे सरका. वजन घेऊन थांबताना हात झुलतो तो याने बराच कमी होतो.

हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावर चढणारी पट्टी) बसवण्याचीही एक पद्धत आहे. आधी १५०० ची पल्स देऊन सर्व्हो मध्यावर आणा, मगच हॉर्न दातांवर चढवा. एमजी९९६आरला २५ दात असतात, म्हणजे एक दात चुकला तर १४ अंशांहून जास्त फरक. मग टोकं शोधा: १५०० पासून ५०-५० ने सरका. जिथे सर्व्हो न हलता गुणगुणायला लागेल तिथून गुणगुणाट थांबेपर्यंत मागे या, आणखी २० सोडा, आणि तो आकडा मर्यादा म्हणून कोडमध्ये पक्का करा. उनोच्या लायब्ररीची मूळ मर्यादा ५४४ ते २४०० आहे, बरेच एसजी९० तिथे पोचण्याआधीच आतल्या अडथळ्याला धडकतात. तो गुणगुणाट म्हणजे अडकल्यावरचा करंट, आणि प्लास्टिक गिअरचा सर्व्हो त्यात फार टिकत नाही.

पायथॉनची_वेटोळी

माएस्ट्रोला इथे जरा लवकर निकालात काढलं असं वाटतं. बारीक पायरीसाठी तो घेऊ नये हे बरोबर. पण वेग आणि त्वरण प्रत्येक चॅनलला बोर्डावरच ठरवता येतात. तारजोड यांनी सांगितलेल्या १०० पायऱ्यांचा हिशेब तो स्वतः करतो, तुम्ही फक्त शेवटचा कोन पाठवायचा. यूएसबीने थेट पायला लागतो, त्यामुळे ३.३ आणि ५ व्होल्टचा प्रश्नच उरत नाही. संगणकावरच्या कंट्रोल सेंटरमध्ये पट्टी सरकवून मर्यादा आणि सुरुवातीची घडी बोर्डात साठवता येते. सादरीकरणाला दोन आठवडे उरले असतील आणि कोड लिहिणारा एकच असेल, तर मी माएस्ट्रोच सुचवेन.

घ्यायचा तर ६ चॅनलचा मायक्रो तुम्हाला नेमका पुरतो, पण एकही चॅनल शिल्लक राहत नाही. १२ चॅनलच्या मिनीवर उरलेली चॅनल इनपुट म्हणून वापरता येतात, पकडीतला दाब मोजायला कामी येतील. माएस्ट्रोला पाठवायचा आकडा पाव मायक्रोसेकंदात असतो: मध्य म्हणजे १५०० नाही, ६०००. हे विसरून १५०० पाठवलं की सर्व्हो हलत नाही किंवा खालच्या मर्यादेला जाऊन बसतो. पायथॉनमधून चालवताना सिरियल मोड यूएसबी ड्युअल पोर्टवर ठेवा. किमतीत मात्र पीसीए काही शे रुपयांत येतो आणि माएस्ट्रो हजारांत जातो, हे धरून चला.

गिअरचे_दात

अजून एक, पुढच्या बॅचसाठी. आता एसटीएस३२१५ सारखे बस सर्व्हो मिळतात. हगिंग फेस या कंपनीच्या लेरोबॉट प्रकल्पातल्या एसओ-१०१ हातात तेच आहेत. त्यांनाही ३ तारा असतात, पण तिसरीवर पल्स नसून डेटा जातो. पीसीए किंवा माएस्ट्रोला ते चालत नाहीत, त्यांचा अडॅप्टर बोर्ड वेगळा. एकातून दुसऱ्यात तार जाते, आणि कोन, भार, तापमान परत वाचता येतं. म्हणजे वरची उसळी मुळातूनच टळते, कारण निघण्याआधी हात कुठे आहे ते विचारता येतं.

नवे आणलेत तर सगळ्यांचा क्रमांक १ असतो. एका वेळी एकच जोडून क्रमांक बदला आणि त्यावर लगेच चिकटपट्टीवर आकडा लिहा. ७.४ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा बाहेरून सारखेच दिसतात, लेबल वाचल्याशिवाय वीज देऊ नका.

नवशिका_२५

पीसीए९६८५ मागवला. मनगटाला एमजी९०एस लावतो आहे आणि ओईचं बटण पुढच्या पट्टीवर. हात दुमडलेल्या घडीतले सहाही आकडे उनोवर आजच मोजून ठेवतो.

मायक्रोसेकंद

ते आकडे मायक्रोसेकंदांत लिहा, अंशांत नको. पीसीएवर नेताना ४०९६ ने गुणून २०००० ने भागायचं, बस्स. आणि बोर्ड आल्यावर पहिला सर्व्हो हॉर्न काढून चालवा.